वय सुटलं त्या वर्षी

शाळेला कुलूप लागलं आणि माझ्या बहिणीचं वय सुटलं.

लगेच नाही. लाइट गेल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तशी कार्तिकी उन्हाळाभर सहावीतच राहिली. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी ती हापशावर गेली आणि दांडा हापता हापता तिची मनगटं बाह्यांतून बाहेर आली. घागर भरली तोवर कोपरंही बाहेर आली होती. घागर उंबऱ्यात ठेवून ती म्हणाली, "तायडे, फ्रॉक आटला."

फ्रॉक आटला नव्हता.

आमच्या गावात पोरांचं वय कुणी वर्षांत सांगत नाही. दिवाळीनंतर आईबाप ऊस तोडायला कारखान्याकडं जातात, पाऊस जवळ आला की परत येतात. पोर उसाच्या कुठल्या फडात झालं हे आईला आठवतं, तारीख आठवत नाही. तारीख शाळेतले सर टाकतात, बहुतेक एक जून. म्हणून कुणी विचारलं की 'दुसरीला आहे', 'सहावीला आहे' असं सांगतात. वर्ग हा खुंटा आणि वय हे त्याला बांधलेलं वासरू. सरकारनं खुंटा उपटला. वासरू कुठं जाईल हे सांगायला कुणी आलं नाही.

शेजारचा अंगद सातवीत होता. सकाळी भाकरी खायला बसला तेव्हा त्याला मिसरूड नव्हती. ताटात हात धुतला तेव्हा होती. त्याच्या आईनं पदरानं पुसून पाहिली.

माझंही वय सुटलं होतं, पण ते कुणी बघत नव्हतं. लहानपणी फडात माझ्या डाव्या हाताची बोटं गेली. ज्या हाताला ऊस धरता येत नाही तो हात तोडीला माणसं नेणारा मुकादम मोजत नाही. त्यामुळं मला नववीपर्यंत शिकू दिलं होतं. आमच्याकडं बोटं नसलेल्या मुलींना शिकू देतात.

सरपंचांची ऐश्वर्या कार्तिकीच्याच बाकावर बसायची. तिच्याकडं फोन होता आणि फोनमध्ये वर्ग होता. ती होती तेवढीच राहिली.

*

रिकाम्या जागा भरा.

१. कार्तिकी __________ वीत आहे.

*

बाजीराव मुकादम मोटरसायकलवरून आला. मास्क हनुवटीला होता. आमच्या दारात गाडी लावून त्यानं कार्तिकीकडं पाहिलं, मग तिच्या फ्रॉकला आईनं खालून जोडलेल्या परकराच्या पट्टीकडं पाहिलं.

"वाढली की पोरगी, श्रीरंग."

"वाढायली," आमचे वडील, आबा, म्हणाले. "थांबंनाच."

"दरसाल कुठं ठिवायचा लेकरं?"

"शाळेत. वसतिगृह लागायचं सहा महिने. सर खिचडी द्यायचे."

"मग यंदा?"

आबा नखानं ओट्याची माती उकरू लागले.

"म्हणजे संगं न्यावी लागंल. पाचटाच्या कोपीत तरणी पोर, चहूबाजूला ऊस. झोप लागंल का तुला? आन् न्यायचीच तर मोकळी कशाला न्यायची?" त्यानं अंगदच्या घराकडं बोट केलं. "त्यो बी वाढलाय. हितं अर्धा, तितं अर्धा. एक करून टाका."

आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता कारखान्यावर कुणाला नको असतो. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावर नेते.

आई चुलीजवळून म्हणाली, "सहावीला हाय ती."

"कुठाय सहावी?" बाजीराव म्हणाला. "दाखव मला."

आईनं पिठाचा हात लांब करून शाळेकडं दाखवला. आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. दाराला कुलूप होतं. खिडकीच्या गजांतून कापूस बाहेर आला होता.

"त्यो सरपंचाचा कापूस हाय," बाजीराव म्हणाला. "भाव येईस्तोवर." मग त्यानं कार्तिकीला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात लोक बैलाचे दात बघतात तसं नाही, अगदी सवयीनं, आणि म्हणाला, "शुक्रवारपस्तोर अठराची हुईल. म्हणजे कायद्यात बी बसंल."

कार्तिकी ओट्यावर बसून सागरगोटे खेळत होती. तिचे हात आता मोठे होते, पाचही गोटे एकाच झेलात येत होते. तिला त्यात मजा वाटेना. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "तायडे, अपूर्णांक राहिले की माझे. ते कधी घेणार?"

*

फोनला रेंज सरपंचांच्या गच्चीवर येत होती. मी कार्तिकीला तिथं नेलं. जिना चढताना तिला पदर सांभाळता येत नव्हता. आईनं त्या सकाळीच तिला साडी नेसवली होती, दुसरं काही तिला होत नव्हतं.

ऐश्वर्या खुर्चीवर बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं कार्तिकीकडं पाहिलं आणि उठून उभी राहिली, मोठी बाई आल्यावर उभं राहतात तशी.

"अगं, मी हाय," कार्तिकी म्हणाली.

"हां," ऐश्वर्या म्हणाली आणि बसली.

ऐश्वर्याच्या आईनं कपडे वाळत घालायची दोरी खाली ओढली. "दोरीच्या तिकडं बसा गं. आन् खोकू नका."

फोनच्या आत आमच्या शाळेतल्या मिसाळ बाई होत्या, अंगठ्याएवढ्या. शाळा बंद झाली तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता पांढरे होते आणि मान हलत होती. त्या म्हणाल्या, "ऐश्वर्या, सांग. एक छेद दोन अधिक एक छेद दोन. अर्धा आणि अर्धा मिळून किती?"

"एक," कार्तिकी म्हणाली.

ती बोलली आणि तिचं मनगट ब्लाउजच्या बाहीत थोडं आत गेलं. गळ्यापाशी साडी सैल पडली. आम्ही दोघींनी ते पाहिलं.

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही, बाई," ऐश्वर्या म्हणाली.

"बाई, मी कार्तिकी."

"कार्तिकी." बाईंनी चष्मा पुसला. "तुझा नंबर ग्रुपमध्ये नाही, बाळ. तुला मी दिसते का?"

"दिसता."

"मला तू दिसत नाहीस."

मग बाई थांबल्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यांच्या कपाळावर एक गोल फिरू लागला. तो गोल फिरत होता तेवढ्यात कार्तिकीचं वय पुन्हा वाहू लागलं, फुटक्या माठातून पाणी जावं तसं, आवाज न करता. तिच्या कमरेला बाक आला, गालांची हाडं वर आली. गोल थांबेना. ऐश्वर्याच्या आईनं फोन उचलून पदरात घेतला. "संपलं नेट. तुमच्यासारख्या चार बसल्या की लोड येतो त्याच्यावर."

जिना उतरताना मी एक कुंडी लाथेनं पाडली. तुळस नव्हती. असती तरी पाडली असती.

*

कारणे द्या.

१. ज्यांच्या घरात फोन होता त्यांचंच वय राहिलं.

(कारणे देण्यासाठी जागा सोडलेली नाही.)

*

मी शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आत छतापर्यंत कापूस होता. बाकं कापसाखाली, फळा कापसामागं. फक्त भिंतीचा एक कोपरा दिसत होता, आणि तो तेव्हा माझ्या लक्षात आला. आमच्या शाळेच्या भिंती बांधल्यापासून म्हाताऱ्या दिसायच्या. पोपडे, भेगा, ओल. माणसं म्हणायची, ठेकेदारानं सिमेंट खाल्लं. ते खरंच आहे. पण दुसरंही एक कारण होतं. वर्गात पोरांचं जे वय थांबतं ते कुठंतरी जावं लागतं. ते भिंती पीत होत्या. आता भिंती कापसाला लागलेल्या होत्या, आणि फोनला भिंती नसतात, म्हणून ते बाईंच्या केसांत जात होतं.

हे कळल्यावर मी पाण्याच्या टाकीखाली गेले आणि हाताला लागतील तेवढी पोरं बोलावली.

पोरं म्हणजे लांबून बघणाऱ्याला बायका आणि बाप्ये दिसले असते. चौथीतली एक मुलगी पोलक्यात कोंबलेली होती. अंगद आला, त्याचा आवाज घोगरा झाला होता आणि त्या आवाजाला तो स्वतःच दचकत होता. सगळे रांगेत मांडी घालून बसले. कुणाचे गुडघे मावेनात.

मी उभी राहिले. उभं राहावं लागतं. बसून विचारलं तर काही होत नाही, ते मी करून पाहिलं.

"सात त्रिक?"

"एकवीस!"

सगळे थोडे आटले. अंगदच्या मिसरुडीतले केस त्याच्या शर्टावर गळून पडले. तो हसायला लागला, त्याच्या जुन्या आवाजात.

"आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला कोणती नदी?"

"मांजरा!"

"पाव अधिक पाव?"

"अर्धा!" हे कार्तिकी एकटीच ओरडली, आणि तिचा पदर खांद्यावरून घसरून मांडीत पडला.

दुपार झाली तेव्हा समोर सहावी, सातवी, चौथी बसलेली होती. ज्यांचं वय सुटलं होतं त्यांचं ते जागेवर आलं होतं. मला उभं राहता येईना. माझ्या ढोपरांत कळ होती. मी घरी गेले तेव्हा आई दारात तांदूळ निवडत होती.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"आये, मी."

तिनं सूप खाली ठेवलं. माझे केस हातात घेतले, चेहरा इकडून तिकडून फिरवला. "अगं, तू तर माझी आई दिसायलीस," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "कार्तिकी?"

"सहावीला हाय."

आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला, आणि उंबऱ्यावर बसून तिनं माझे पाय चेपले. आबा घरात आले, आम्हाला पाहिलं, आणि पुन्हा बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी टाकीखाली ग्रामसेवक आला. त्यानं तोंडाला दुहेरी मास्क लावला होता आणि एक दांडकं आणलं होतं.

"गर्दी नको. उठा, उठा. साथ आहे, कळत नाही का?"

"वर्ग आहे," मी म्हणाले.

"कुणाच्या परवानगीनं, आजी?"

"मी नववीत आहे."

तो हसला. त्याला गंमत वाटली. "मी काय मुद्दाम करतोय का? वरून विचारतात मला." मग त्यानं दांडकं टाकीच्या लोखंडावर वाजवलं. पोरं पांगली. त्यांच्या चपलांचा आवाज जसजसा लांब गेला तसतसा तो जड होत गेला. गल्लीच्या वळणापाशी तो मोठ्या माणसांच्या चालण्याचा आवाज होता.

*

चूक की बरोबर ते लिहा.

१. लग्नाला पन्नास माणसं चालतात.
२. वर्गाला एकही चालत नाही.

*

शुक्रवारी आमच्या दारात लग्न लागलं. कार्तिकी अठरा वर्षांची झाली होती. सकाळी झाली होती, उशीर केला असता तर एकोणीस झाली असती. तिच्याबरोबर आणखी दोन जोड्या उभ्या केल्या, सगळ्या टाकीखालच्या. भटजी साथीला भिऊन आले नव्हते. मंगलाष्टकं सरपंचांच्या फोनवर लावली होती. त्या दिवशी फोन दोरीच्या अलीकडं आला होता आणि त्याला रेंजही होती.

ग्रामसेवक पुढच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या मांडीवर जिलबीची पत्रावळ होती.

"वय?" त्यानं तोंडात घास धरून आबांना विचारलं.

"बघा की," आबा म्हणाले.

त्यानं बघितलं. "दिसते," तो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडी, पाचट, गुंडाळलेल्या ताडपत्र्या. दिवाळी व्हायची होती, पण बाजीरावाला यंदा घाई होती. लग्न लागलं की गाडी सुटणार होती. त्यानं तीन कोयते घासून आणून मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवले होते, जोडीला एक.

अंतरपाट धरला. अलीकडं कार्तिकी. तिला मुंडावळ्या टोचत होत्या आणि ती त्या बोटानं सारखी वर करत होती. फोनमधला माणूस 'शुभमंगल' म्हणत होता, बायका अक्षता टाकत होत्या. मी काठी टेकत मांडवाच्या मागच्या बाजूला गेले आणि उभी राहिले.

"सात त्रिक?" मी विचारलं.

"एकवीस," कार्तिकी म्हणाली.

"एकवीस," अंतरपाटापलीकडून अंगद म्हणाला, आणि बाकीचे चौघे म्हणाले. त्यांना थांबता आलं नाही. वर्गात विचारलं की उत्तर येतं.

"गप ए म्हातारे!" कुणीतरी ओरडलं.

"सात चोक? सात पाचे? पाव आणि पाव? पाव आणि अर्धा?"

माझे दात हलले. दोन दात जिभेवर आले, ते मी मुठीत घेतले आणि विचारत राहिले. आबा माझ्याकडं धावत आले आणि अर्ध्यात थांबले. ते कधी शाळेत गेले नव्हते. त्यांना एवढंच दिसत होतं की त्यांची लेक उभ्या उभ्या मरायली आहे. ग्रामसेवक उठला, त्याची पत्रावळ पडली. आईनं त्याच्या वाटेत पाय पसरून बसकण मारली आणि मोठ्यानं रडण्याचं सोंग घेतलं. बायका तिच्याभोवती जमल्या. त्याला पलीकडं येता येईना.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली आला.

पलीकडं तीन मुलगे होते, अलीकडं तीन मुली. मुंडावळ्या त्यांच्या गळ्यात आल्या होत्या. साड्या पायाशी ढीग होऊन पडल्या होत्या आणि कार्तिकी त्या ढिगात आतल्या जुन्या फ्रॉकमध्ये उभी होती. अंगदनं तिला पाहिलं आणि जीभ काढून दाखवली. तिनं त्याच्या डोक्यात हारच मारला.

बायकांच्या मुठीतल्या अक्षता खाली गळल्या. मला वाटलं, झालं. आता हे सगळ्यांना दिसलं. दिसल्यावर काय राहतं?

बाजीराव खांबापासून पुढं आला. त्यानं जोड्यांवरून बोट फिरवलं.

"झालं न्हवं? बसवा गाडीत."

"आवं, बारकी झालीत ती," कुणीतरी म्हणालं.

"मग? कोयता बारका हुतोय का?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. "ऊस बुडातनं तोडायचा आसतो. मोठ्याला वाकावं लागतं, कंबर जाती. ह्यास्नी वाकायचं कामच न्हाई." तो माझ्याकडं वळला. "आन् तू, म्हातारे. मला बी इचार की. इचार."

"सात त्रिक?" मी विचारलं.

तो वाट बघत उभा राहिला. काही झालं नाही. त्याची एकही सुरकुती हलली नाही.

"मला कवा कुणी इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "मला आईनं कोपीतनं उचलून फडात उभा केला, तवापास्नं हितंच हाय. माझं काय कमी झालं?"

त्यानं पहिला कोयता अंगदच्या हातात दिला. अंगदनं तो दोन्ही हातांनी धरला. पातं जमिनीला टेकलं. ग्रामसेवकानं मास्क वर केला आणि गर्दी झाली आहे, सगळ्यांनी पांगावं, असं सांगितलं.

*

जोड्या लावा.

अ गट: कार्तिकी. अंगद. दोन मुली. दोन मुलगे.
ब गट: ब गट भरला आहे.

*

ट्रॉली हलली. आईबापही त्यातच होते. तो जुना कोयता होता, तो दरसाल जातो. मला कुणी चढ म्हटलं नाही. मी मागून चालू लागले. ट्रॅक्टर सावकाश चालला होता, ओझं फार होतं.

गावाची वेस ओलांडली आणि ते पुन्हा वाढू लागले. मला मागून दिसत होतं. कार्तिकीच्या हातातल्या बांगड्या सैल होत्या त्या बसल्या, मग रुतल्या. अंगदची मान शर्टाच्या बाहेर आली. ट्रॉलीच्या फळीवर एक मोठा हात आला आणि त्यानं कोयता नीट धरला.

"आठ सक?" मी ओरडले.

"अठ्ठेचाळीस!" ट्रॉली म्हणाली. हात फळीखाली गेला.

मी ओरडत चालले. ते वाढायचे, मी विचारायची, ते आटायचे. माझी पाठ वाकत गेली, शेवटी मला रस्ताच दिसत होता, त्यावर ट्रॉलीच्या चाकांचे वळ. कोणता पाढा झाला आणि कोणता राहिला ते मला आठवेना, म्हणून झालेलेच पुन्हा विचारले. आता खुंटाच नव्हता, ते आपापल्या वर्गापाशी थांबेनात; पुलावर त्यांचे आवाज पहिलीतल्या पोरांसारखे झाले. पुलानंतर आकडे चुकायला लागले. "दोन दुणे?" मी विचारलं आणि उत्तर नुसतंच लांब आलं, त्यात आकडा नव्हता. मग सगळी ट्रॉली एकदम रडायला लागली, तान्ह्या पोरांचं रडणं, जिवाच्या आकांतानं.

मी मान वर केली. आई ट्रॉलीच्या मागच्या फळीशी गुडघ्यांवर होती. नवरीच्या साडीतून तिनं कार्तिकीला शोधून काढलं होतं. ती दोन तळहातांत मावत होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं, ते कपाळापेक्षा मोठं होतं.

"वो मुकादम!" आबा पुढं बघून ओरडले. "गाडी थांबवा! लेकरं व्हायलीत ही!"

"मोजणीत धरल्यात," बाजीराव मडगार्डवरून म्हणाला. मागं वळूनही पाहिलं नाही. "कारखान्यापस्तोर वाढत्याल."

ते खरं होतं. मी गप्प राहिले तर कारखान्यापर्यंत ते वाढणार होते. आणि आणखी एकदा विचारलं तर पुढं काही उरणार नव्हतं.

आईनं कार्तिकीला दोन्ही हातांनी माझ्याकडं उचलून धरलं. ती मला 'घे' म्हणत होती की 'गप्प बस' म्हणत होती, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. माझ्या अंगात आता फक्त एका प्रश्नापुरता श्वास होता.

मी तोंड उघडलं. कार्तिकीनं रडणं थांबवलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिनंही उघडलं.